किशोररावांनी मोजलेला मंगळ

ज्योतिषाला शिव्या घालायला अभ्यास लागत नाही, ही त्या विद्येची खरी अडचण आहे. गणिताला शिव्या द्यायच्या तर निदान त्यात एकदा नापास तरी व्हावं लागतं. इथे तेवढीही अट नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. जन्मात पंचांगाचं पान न उलटलेला माणूस जेवताना पापड मोडावा तसं ते मोडीत काढतो आणि वर स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवतो.

मी त्रिवेणी. हैदराबादला विद्यानगरच्या एका मुलींच्या कॉलेजात निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं. आता नल्लकुंट्यात आमच्या घरी शनिवारी दुपारी ज्योतिषाचा अभ्यासवर्ग घेते. तारनाक्याहून रेल्वेतले दोघे निवृत्त अधिकारी येतात, शेजारपाजारच्या काही बायका येतात. अभ्यासवर्ग हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण आमच्याकडे कुणाचं भविष्य सांगितलं जात नाही. आम्ही जुन्या ग्रंथांतला एकेक नियम घेतो, आणि ज्यांच्या आयुष्यात काय घडलं ते पक्कं माहीत आहे अशांच्या कुंडल्यांना लावून बघतो. टिकला तर ठेवतो, नाही टिकला तर खोडतो. ज्याच्या नावाने पोरींची लग्नं मोडतात तो मंगळाचा नियम आम्ही असाच घासून पाहिला. सुखाने नांदलेली जोडपी घेतली, काडीमोड झालेली घेतली, लवकर विधवा झालेल्या बायका घेतल्या. नाही टिकला. मी स्वतः त्याच्यावर काट मारली, आणि त्या दिवशी वर्गातल्या एका बाई रडल्या, कारण त्यांच्या बहिणीचं लग्न त्याच नियमापायी कधी झालंच नव्हतं.

टीव्हीवर कपाळभर गंध लावून खडे विकणारे माझे कुणी लागत नाहीत. मोबाइलवर मिनिटाच्या भावाने भविष्य सांगणारी पोरं तर नाहीतच. खडा, दोरा, शांती, तोडगा यातलं काही माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. ज्या दिवशी तू तोडगा सांगितलास त्या दिवशी तू अभ्यासक राहिली नाहीस, दुकानदार झालीस, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. घरच्या माणसाची कुंडली पाहायची नाही, हाही एक नियम. माणूस आपला असला की आकडे आपल्या मनासारखे दिसायला लागतात.

म्हणून भावाच्या मुलीची, योगिनीची, कुंडलीसुद्धा मी मांडली नव्हती. ती झाली तेव्हा माझा भाऊ शिवराज माझ्या फारच मागे लागला. मी त्याला गल्लीतल्या सिद्धांतींकडे पाठवलं. सिद्धांती म्हणजे इकडचे तेलुगू पंचांगवाले. त्यांच्याकडून तो कुंडली करून घेऊन आला आणि कपाटात ठेवून मोकळा झाला. मी ती कधी उघडून पाहिली नाही.

योगिनी शाळेत जायच्या आधीच तिची आई गेली. शिवराजचं कोठीच्या बाजारात विजेच्या सामानाचं दुकान, तो सकाळी जायचा तो रात्री यायचा. वेणीफणी, पाढे, ताप, दातदुखी, कॉलेजातलं पहिलं रडणं, सगळं माझ्याकडे. मी लग्न केलं नाही आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण ही पोर होती. आता तिने चिन्मयला पसंत केलं होतं आणि तिचं ते लग्न व्हावं यापलीकडे मला काही नको होतं.

चिन्मय तिच्याच ऑफिसात. मुलगा चांगला. शिवराजला डेंगी झाला तेव्हा ओळख नवीन असूनही रात्रभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिला. फक्त देवाने त्याला कणा बसवायचं काम अर्धवट सोडलंय. बाबा म्हणतील ती पूर्व. योगिनीलाही हे ठाऊक होतं. "तो बाबांच्या अगेन्स्ट जाणार नाही, आत्या," ती मला आधीच म्हणाली होती, "आणि मी त्याला तसं करायला लावणार नाही. मग तो आयुष्यभर गिल्टी राहील. सो, बाबांना खूश ठेव, प्लीज."

त्या बाबांचं नाव किशोरराव. पुण्याचे. नोकरीसाठी इकडे येऊन जमाना झाला, पण अजून हैदराबादला 'तुमच्याकडे' म्हणतात. कोंडापूरला उंच टॉवरमध्ये राहतात आणि कुठल्याशा मोठ्या कंपनीत डेटाचे प्रमुख आहेत. लोक 'श्रीराम' म्हणतात तसा ते डेटा हा शब्द उठता बसता म्हणतात.

पहिल्यांदा ते पत्नीला, नीलिमाताईंना, आणि चिन्मयला घेऊन आमच्याकडे जेवायला आले. मी धपाटे केले होते.

"वा! थालीपीठ!" किशोरराव म्हणाले.

"धपाटे," मी म्हटलं.

"तेच ते."

तेच ते नाही, पण योगिनीने माझ्याकडे पाहिलं म्हणून मी दही वाढलं. दोन घास गेल्यावर त्यांना कंठ फुटला. "त्रिवेणीताई, ऐकलंय तुम्ही ज्योतिष शिकवता? गणिताच्या प्राध्यापिका आणि ज्योतिष! म्हणजे डॉक्टरने गंडे बांधल्यासारखं झालं हो. इतक्या लांबचा तो शनी, त्याला काय माझ्या प्रमोशनची पडलीय?"

स्वतःच हसले. मग चिन्मय हसला, मग आमचा शिवराजही हसला, कारण मुलीच्या बापाला हसावंच लागतं.

"कुठला ग्रंथ वाचून तुम्ही हे ठरवलंत?" मी विचारलं.

"ग्रंथ कशाला वाचायचा? भुतं नाहीत हे ठरवायला कुणी स्मशानात बिऱ्हाड करतं का?"

"नाही करत. पण स्मशानाची माहिती दुसऱ्याला द्यायची असेल तर निदान एकदा जाऊन यावं लागतं."

"डेटा दाखवा, ताई. डेटा असेल तर मी उद्या मानतो."

"शनिवारी दुपारी या. दाखवते."

"अक्का," शिवराज घाईने म्हणाला, "त्यांना एक धपाटा वाढ की. गरम आण."

मी उठले. स्वयंपाकघरात तवा जरा जोरातच आपटला. शेपटीला धरून हत्तीचं वर्णन करणारे आंधळे निदान शेपटीला हात तरी लावतात. याने तर हत्ती असतो हे ऐकूनच मत बनवलं होतं. पण धपाटा घेऊन बाहेर आले तेव्हा किशोरराव म्हणत होते, "एक मात्र सांगतो शिवराजभाऊ, पत्रिकाबित्रिका आमच्या घरात चालत नाही. मुलांनी एकमेकांना पसंत केलंय, विषय संपला." या एका वाक्यासाठी मी त्यांना थालीपीठ माफ केलं. योगिनीचा चेहरा असा उजळला की मी त्यांना आणखीही बरंच माफ केलं असतं.

विषय मात्र संपला नाही. तारीख काढायची म्हटलं की तिकडून काहीतरी निघायचं. आज किशोरराव टूरवर, उद्या नीलिमाताईंची मान धरलेली. बरकतपुऱ्याचा हॉलवाला तारखेसाठी शिवराजला फोन करून करून थकला. योगिनी घरी आली की मोबाइल उपडा ठेवून बसू लागली. एका संध्याकाळी ती न जेवता खोलीत गेली, आणि शिवराज माझ्यासमोर येऊन उभा राहिला. लहानपणी दौत सांडली की असाच उभा राहायचा.

"अक्का, एक बात सांगू? गुस्सा नको करू."

"बोल."

"किशोररावांनी पत्रिका मागितली होती. बोलले, आपल्याला काही नाही, नीलिमाचं मन आहे, बस, खाली फॉर्मॅलिटी. मी फोटो काढून पाठवून दिली. आता बोलतायत, पोरीला आठवा मंगळ आहे. नवऱ्याच्या जिवाला धोका. थोडं थांबू म्हणतात."

"थांबू म्हणजे?"

"म्हणजे नक्को," शिवराज म्हणाला आणि खाली बसला.

माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो सांगत नाही. आठवा मंगळ! ज्यांच्या घरात पत्रिका चालत नाही त्यांच्याकडे आठवा मंगळ! मी योगिनीच्या खोलीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आत्या," ती न वळता म्हणाली, "माझ्यामुळे तो मरेल असं त्यांना वाटतं. चिन्मयने मला हे सांगितलं, आणि सांगताना तो सॉरी म्हणाला. तू एकदा बघ ना. तुझा रूल आहे मला माहितीय, पण एकदा बघ."

या पोरीने माझ्याकडे कधी काही हट्टाने मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "उद्या जाऊ. तिथेच बघते, त्यांच्यासमोर."

रविवारी सकाळी आम्ही तिघं कोंडापूरला गेलो. टॉवरच्या दाराशी नाव, गाव, मोबाइल, फोटो, सगळं देऊन वर पोचलो. नीलिमाताईंनी पाणी आणलं, पण त्यांची नजर काही वर होईना. चिन्मय खुर्चीच्या कडेवर टेकला होता. किशोरराव मात्र ऑफिसची मीटिंग असल्यासारखे टॅबलेट घेऊन तयार होते.

"आमचा यावर काडीचा विश्वास नाही," त्यांनी सुरुवात केली. "पण घरातल्या बाईमाणसाच्या मनाचाही विचार करावा लागतो. नीलिमाच्या माहेरच्या गुरुजींनी पाहिली पत्रिका. ते म्हणाले, आठवा मंगळ."

"बघू," मी म्हटलं.

त्यांनी टॅबलेट दिला. सिद्धांतींच्या कुंडलीचा फोटो, आणि त्यावर लाल रंगात कुणीतरी घरांना आकडे घातलेले. मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. आणि मला जे हसू आलं ते मी अजिबात आवरलं नाही.

आता हे नीट सांगायला हवं. आपली मराठी कुंडली तिरक्या रेघांची असते. तिच्यात वरचं मधलं घर नेहमी पहिलं, आणि तिथून डावीकडे मोजत जायचं. तेलुगू कुंडली असते चौकोनी, कडेकडेने बारा घरं. तिच्यात पहिलं घर कुठेही येऊ शकतं. जिथे 'ल' लिहिलेलं असेल ते पहिलं, आणि मोजायचं उजवीकडे. हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला दोन्ही ठाऊक असतात, निदान विचारायची अक्कल असते. या लाल आकडेवाल्याने 'ल' कडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. वरचं मधलं घर पहिलं, एवढंच त्याला कुठूनतरी माहीत. बरं, चौकोनी कुंडलीत वरच्या ओळीत घरं चार, म्हणजे नेमकं मधलं असं घरच नाही. तर या गृहस्थाने मधल्या दोनांतलं एक मर्जीने निवडलं, तिथे एक आकडा घातला आणि उलट्या दिशेने मोजत मंगळापाशी आठ म्हणून थांबला.

"गुरुजींचं नाव काय?" मी विचारलं.

"का?"

"फोन लावते. ज्यांना कुंडलीचं पहिलं घर ओळखता येत नाही असे गुरुजी मला बघायचेत. आमच्या वर्गात पहिल्या शनिवारी आलेली बाई ही चूक करत नाही. सांगा नाव."

किशोररावांनी चष्मा काढून पुसला. "नाव... नीलिमा, काय गं नाव त्यांचं?"

नीलिमाताईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "माझ्या माहेरी असे कुणी गुरुजी नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि ती पत्रिका मला दाखवलेलीही नाही यांनी. ऑफिसातल्या एका तेलुगू मुलाकडून अक्षरं लावून घेतली, मग तीन रात्री मोबाइलवर बघून बघून आकडे घालत होते. माझ्या नावावर खपवू नका हो. माझी मुलगी म्हणून मी तिला केव्हाच धरलंय."

चिन्मय उठून उभा राहिला. "बाबा? तुम्ही?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. डेटाचा प्रमुख, आणि डेटा उलटा मोजला! मी काही सोडलं नाही. सगळं सांगितलं, त्यांच्या मुलासमोर, बायकोसमोर. आयुष्यभर ज्याला थोतांड म्हणालात त्याला भिऊन तुम्ही एका मुलीचं लग्न मोडायला निघालात, आणि भ्यायचंसुद्धा तुम्हाला धड जमलं नाही. ज्याचा विश्वास नाही त्याने कुंडली मागू नये, ज्याला मागायची आहे त्याने शिकावं, आणि ज्याला दोन्ही जमत नाही त्याने निदान बायकोच्या पदराआड लपू नये. शिवराज "अक्का, अक्का" करत होता. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

किशोरराव लाल झाले होते, पण त्यांच्या डोळ्यांत मला अपमानापेक्षा वेगळंच काही दिसलं. आशा दिसली. "म्हणजे आठवा नाही?" ते म्हणाले.

"नाही."

"मग कितवा?"

इथे मी गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. आठवा नाही, एवढ्यावर ते खूश होते. पण विचारलं तर खरं सांगायचं, हे मी जन्मभर वर्गात शिकवलं. मी त्या फोटोकडे पाहिलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात 'ल', आणि तिथून उजवीकडे मोजत खालच्या उजव्या कोपऱ्यात मंगळ.

"सातवा," मी म्हटलं.

"सातवा चांगला असतो ना?"

"बाजारातल्या नियमाने तोही वाईटच. पण तो नियमच खोटा आहे. आम्ही तो तपासलाय. सगळ्या कुंडल्या माझ्याकडे आहेत. तुम्हाला डेटा हवा होता ना? शनिवारी या, एकेक करून दाखवते."

यातलं त्यांनी एकच ऐकलं, वाईट. पुढचं पालथ्या घड्यावर पाणी. "तुमच्या तेवढ्याशा कुंडल्यांवरून काय ठरणार," ते पुटपुटले. म्हणजे मंगळ मानायला त्यांना मोबाइलवरची तीन पानं पुरली, आणि न मानायला आमचा सगळा खटाटोप तोकडा पडला.

"बाबा, तुमचा विश्वास नाही ना?" चिन्मयने विचारलं.

"विश्वास नाहीच. पण रिस्क कशाला घ्यायची? आपण थोडं थांबू. पुढच्या वर्षी बघू."

"मग मी..." चिन्मय म्हणाला. त्याने बापाकडे पाहिलं, मग योगिनीकडे, मग खाली. योगिनी उठली, नीलिमाताईंच्या पाया पडली आणि चपला घालायला गेली. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. माझ्या त्या सगळ्या बोलण्याने तिच्या हातात काहीही पडलं नव्हतं.

खाली सोडायला किशोरराव आणि चिन्मय आले. शिवराज गाडी काढायला गेला. चिन्मय आणि योगिनी थोडे लांब खांबापाशी उभे राहिले. किशोररावांनी इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्याजवळ सरकले.

"त्रिवेणीताई, जरा एक... म्हणजे, मी असलं काही मानत नाही, तुम्हाला माहितीय."

"माहितीय."

"पण यावर उपाय असतो म्हणतात. एखादी शांती वगैरे. एकुलता एक मुलगा आहे हो. गुपचूप होण्यासारखं असेल तर..."

मला इतकी किळस कित्येक वर्षांत कुणाची आली नव्हती. खडे विकणारा निदान भर बाजारात बसतो. हा दिवसा दगड मारून रात्री त्याच दारात भीक मागायला आला होता. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, आणि ते त्यांना जन्मभर पुरलं असतं.

मी योगिनीकडे पाहिलं. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. चिन्मय तिच्याशी काहीतरी बोलत होता आणि ती मान हलवत होती. मनातून तिचं सगळं आवरून झालं होतं. आता घरी गेल्यावर ती मला म्हणणार, जाऊ दे आत्या. सोमवारी ऑफिसला जाणार, तिथे रोज तो समोर दिसणार.

"आहे उपाय," मी म्हटलं.

ज्याला भीती वाटते त्याला सोपा उपाय देऊ नये, तो त्याला खरा वाटत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण तोंड उघडताच सगळं जमत गेलं. मंगळवारी मीठ सोडायचं. सूर्योदयाला तांब्याच्या लोट्यातलं पाणी दक्षिणेकडे तोंड करून सोडायचं, लाल मसूर दान करायचा. मुलाच्या बापानेच करायचं, दुसऱ्याने केलेलं लागू पडत नाही. कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की फळ गेलं. आणि मुख्य म्हणजे आधी तारीख पक्की करायची, मग सुरू करायचं. ठरलेल्या लग्नालाच हा उपाय चालतो. शेवटचं वाक्य बोलताना मी डोळेही मिटले, थोडा वेळ.

"तुम्ही स्वतः सांगताय म्हणजे झालंच," किशोरराव म्हणाले. त्यांनी चक्क हात जोडले. सगळ्या सकाळीत त्यांनी माझं एवढं एकच बोलणं ऐकून घेतलं होतं, आणि तेवढंच खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. तारीख ठरली. शिवराज दुकान अर्ध्यावर टाकून घरी आला. "अक्का, काय जादू केलीस गं तू? काल तर पूरा दंगा करून आलो होतो आपण!" योगिनीने मला मिठी मारली. लहानपणी तापातून उठल्यावर मारायची तशी, सगळं वजन माझ्यावर टाकून. "तू ओरडलीस म्हणून झालं, आत्या," ती म्हणाली. "त्यांना कुणीतरी सांगायलाच पाहिजे होतं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या शनिवारी वर्गात एक नवीन बाई आल्या. मुलाची नोकरी टिकत नव्हती, काही उपाय सांगा म्हणाल्या. आमच्याकडे उपाय मिळत नाहीत, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की ते झोपेतही यावं. या वेळी ते अर्ध्यावर अडकलं. रेल्वेतल्या एका गृहस्थांनी माझ्या वतीने ते पूर्ण केलं, आणि वर त्या बाईंना ऐकवलं, "या बाईंनी आजवर कुणालाही तोडगा सांगितलेला नाही, म्हणून तर आम्ही येतो." मी फळ्याकडे वळले आणि उगीचच एक आकडा पुसला.

साखरपुडा बरकतपुऱ्याच्या त्याच हॉलमध्ये झाला. योगिनी जांभळ्या साडीत अशी दिसत होती की मी दोनदा उठून तिच्याकडे जाऊन आले. चिन्मयच्या चेहऱ्यावरून हसू हलत नव्हतं. नीलिमाताई माझ्याशेजारी बसल्या. "यांचं काहीतरी नवीनच निघालंय," त्या म्हणाल्या. "मंगळवारी अळणी जेवतात. विचारलं तर म्हणतात बीपी." मी म्हटलं, बीपीला चांगलं असतं.

जेवणं झाली. पाहुणे पान खात गोल करून बसले. आमच्या वर्गाची सगळी मंडळी आली होती. किशोरराव मध्ये उभे, रेशमी कुर्ता, गुलाबी चेहरा. कुणीतरी त्यांना विचारलं, मुहूर्त कुणाकडून काढला? झालं, त्यांना तेवढंच हवं होतं.

"मुहूर्त? आम्ही नाही हो असलं काही मानत," ते मोठ्याने म्हणाले. "हॉल मोकळा तो मुहूर्त. सांगू का, हे ज्योतिषी लोक कसे असतात? आधी तुमचं माणूस बघतात. तुमचा जीव कशात अडकलाय ते ओळखतात. मग भीती घालतात, आणि मग हळूच उपाय काढतात. स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नसतो. त्यांचं काम झालं की संपलं. बाकी ग्रंथबिंथ सगळा देखावा!"

लोक हसले. मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले, कारण मला सगळेच ओळखून होते. रेल्वेतले दोघे सरसावून बसले. शिवराजने कपाळाला हात लावला. किशोररावांनीही माझ्याकडे पाहिलं, अगदी मोकळेपणाने हसत. त्यांच्या मनात काही डाव होता असं मला वाटत नाही. आपण काय बोलतोय आणि कुणासमोर, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी त्यांच्या बोलण्यात एक तरी चूक शोधत होते. ग्रंथाबद्दल ते चुकत होते. बाकीचा शब्दन् शब्द त्यांनी मला समोर ठेवून उतरवून घेतल्यासारखा होता.

योगिनी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकून कानात म्हणाली, "बोल ना आत्या. आता लग्न ठरलंय. आता घाबरू नको, दे उत्तर."

मी उठले.

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हटलं.

लोकांना वाटलं, मुलीच्या लग्नासाठी बाईंनी पडतं घेतलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात किशोररावांनी.